तिनं मला विचारलं होतं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. घरी नाही, कॉलेजात नाही, जिच्याजवळ सगळं बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. एकदा अगदी ओठांवर आलं होतं, आणि तोंडातून निघालं काय — तर "यंदा शेवंती छान आली." तेवढ्यावर भागवलं.

तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. नाही, थांबा, हेही खरं कारण नाही. खरं कारण मागच्या महिन्यात अकोल्याला घडलं. तिथवर यायला मला थोडा वेळ लागेल. सरळ येता येत नाही.

एक आधीच सांगते. मला राग आला आहे. माणसं असलं काही सांगायला बसली की त्यांचा आवाज खाली येतो, डोळे भरतात. माझं तसं होत नाही. मला कुणाला तरी धरून बदडावंसं वाटतं. कुणाला — ते मात्र मी इतकी वर्षं ठरू दिलं नाही. आधी चोरांवर काढला राग. ते सोपं होतं, चोर कधी दिसलेच नाहीत. मग भावावर काढला. मग गावातल्या बायांवर. बाबांवरसुद्धा काढला. फिरून फिरून तो घरी येतो, दारात उभा राहतो, आणि मी त्याला ओळख दाखवत नाही.

मी अमरावतीला एका कॉलेजात संगणक शिकवते. माहेर अकोल्याकडचं. शहराबाहेर आमचा फुलांचा मळा आहे — शेवंती, निशिगंध, झेंडू, थोडा गुलाब. मळा माझा धाकटा भाऊ गजानन बघतो, आणि आपण बघतो असं बाबांना वाटतं. आमच्या घरात बारावीच्या पुढं शिकलेली मी पहिली. त्यामुळे मी बोलेन ते खरं. विहिरीवरची मोटार बिघडली, लावा ताईला फोन. कुणाच्या गुडघ्याला सूज आली, लावा ताईला फोन. मला मोटारीतलं काय कळतं? गुडघ्यातलं काय कळतं? पण मी उत्तर द्यायची. 'माहीत नाही' हे शब्द मी घरात कधी उच्चारले नसतील. मला ते सगळं आवडायचं. फार आवडायचं.

तर त्या काळात मी एक साधन लिहिलं. लिंक तपासायचं. तुमच्याही फोनवर येतात त्या — 'आज रात्री तुमची वीज कापली जाईल, इथं दाबा', 'तुमचं पार्सल अडकलं आहे, इथं दाबा'. तशी लिंक उघडण्याआधी तपासून देणारं. त्याला बटणं नव्हती, चित्रं नव्हती. काळ्या पडद्यावर साधनाचं नाव टाइप करायचं, पुढं लिंक चिकटवायची, एंटर दाबायचं. मग ते इंटरनेटवरच्या चार ठिकाणी चौकशी करायचं. ही लिंक कुणाकडं वाईट म्हणून नोंदली आहे का? ही वेबसाइट कालपरवाच जन्मली का? नाव एका ठिकाणचं सांगून नेते भलतीकडं, असं तर नाही? आणि शेवटी एकच शब्द उमटायचा. लाल अक्षरांत 'धोका', नाहीतर हिरव्या अक्षरांत 'सुरक्षित'. साधनाचं नाव मी ठेवलं होतं चाळणी.

चाळणीचं कौतुक झालं. आधी विभागात, मग कॉलेजात, मग आमच्या कॉलनीत. लोक मला लिंका पाठवायचे, मी चालवून उत्तर द्यायची. ऑटोवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळे. बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट बघत असताना एक अनोळखी बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुमी त्या लिंकवाल्या मॅडम ना?" त्या दिवशी मी अकोल्यापर्यंत खिडकीतून बाहेर बघत हसत होते. काय सांगू.

आता त्यातली खोट.

आमच्या विभागातल्या एका मॅडमनी ती शोधली. त्यांनी गंमत म्हणून माझ्या संगणकाची नेटची वायर काढली आणि चाळणीला एक लिंक दिली. नामचीन वाईट लिंक, शिकवताना उदाहरण म्हणून वापरतो ती. नेट नाही, म्हणजे कुणाला विचारणार? तरी चाळणीनं क्षणात उत्तर दिलं. हिरवं. सुरक्षित.

मी लिहिलंच तसं होतं. चौघांपैकी एकानं जरी 'वाईट' म्हटलं तर लाल, नाहीतर हिरवं. आणि चौघांनी उत्तरच दिलं नाही तर? तरी हिरवं. कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळं ठीक.

मॅडम म्हणाल्या, "हे आधी दुरुस्त करा." मी म्हटलं, "अहो, चाळणीला भोकं असायचीच." त्या हसल्या नाहीत.

दुरुस्ती काही मोठी नव्हती. उत्तर आलं नाही तर 'माहीत नाही' असं छापायचं, एवढंच. बसल्या बैठकीला झालं असतं. का नाही केलं? वेळ नव्हता, असं मी त्यांना सांगितलं. वेळ होता. पण त्या चौकशीच्या सेवा मी फुकटात वापरत होते, आणि फुकटात दिवसाला ठरावीकच प्रश्न विचारता यायचे. लोकांच्या लिंका इतक्या यायला लागल्या होत्या की दुपारपर्यंत कोटा संपायचा. त्यानंतर सेवा उत्तर देणं बंद करायच्या. म्हणजे मी खरं लिहिलं असतं, तर माझी चाळणी अर्धा दिवस 'माहीत नाही, माहीत नाही' म्हणत बसली असती. आणि अमरावतीला मोठा कार्यक्रम ठरला होता, स्टेजवर मला चाळणी चालवून दाखवायची होती, शाल-श्रीफळ होतं. 'माहीत नाही' म्हणणाऱ्या साधनाला कोण शाल देतं?

मी विसरले नव्हते. हे नीट वाचा. मी टाळत होते. दुपारनंतर हिरवं आलं तर त्याला काही अर्थ नाही, हे मला माहीत होतं, आणि तरी मी दुपारनंतर लोकांना 'हो, उघडा' म्हणून सांगत होते. बहुतेक लिंका चांगल्याच असतात ना. निभून जात होतं.

मनीषाबद्दल मला आता सांगायला हवं.

मनीषा म्हणजे गजाननची बायको. परतवाड्याकडची. दहावीनंतर शिकली नाही, शिकू दिलं नाही. आमच्या घरी आली तेव्हा बाबा म्हणाले होते, पोरगी मोठ्यानं हसते. खरंच मोठ्यानं हसायची, मळ्याच्या या टोकाला हसली की त्या टोकाला कळायचं. गजानन फुलं तोडून बाजारात नेऊन टाकायचा, मिळेल तो भाव घ्यायचा आणि घरी येऊन चिडायचा. मनीषानं ते बदललं. तिनं फोनवर फुलांचे फोटो टाकायला सुरुवात केली. लग्नाचे हार, वेण्या, गौरीगणपतीची सजावट — ऑर्डर घ्यायची आणि आजूबाजूच्या फुलं करणाऱ्या बायांकडून माल गोळा करायची. त्या बायांचा तिनं फोनवर गट केला. सकाळी तिचा आवाज त्या गटात यायचा — "ऐका वं बायाहो, आज पांढरी शेवंती जास्त लागन" — आणि बाया कामाला लागायच्या. स्कूटीवर पुढं-मागं फुलांचे गठ्ठे बांधून ती अकोल्यात जायची तेव्हा लांबून फुलंच चालत आल्यासारखी दिसायची.

आणि ती सावध होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं मी जगाला उलटं सांगितलं. तिच्या गटात कुणीही काही पाठवलं की ती आधी मला विचारायची. प्रत्येक वेळी. मला कंटाळा यायचा तिचा. 'ताई, हे पाहून सांगता का', 'ताई, हे खरं असन का'. मनात म्हणायची, हिला एवढंही कळू नये?

त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी शिंप्याकडे होते. कार्यक्रमासाठी शिवायला टाकलेलं ब्लाऊज बाहीत घट्ट झालं होतं आणि मी त्याच्यावर डाफरत होते. मनीषा म्हणाली, "ताई, फुलवाल्या बायांले अनुदान हाये म्हणते, त्याची लिंक पाठवली तुमाले. पाहून सांगा. तुमी सांगतल्याबिगर मी गटात टाकत नाई."

दुपार उलटून गेली होती. पिशवीत लॅपटॉप होता. शिंप्याच्या टेबलावर उघडला, फोनचं नेट जोडलं, लिंक चिकटवली, एंटर दाबलं. क्षणात हिरवं आलं.

क्षणात. सेवा उत्तर देतात तेव्हा पाच-सहा सेकंद लागतात, पडद्यावर ठिपके सरकत राहतात. ठिपके आलेच नाहीत. म्हणजे कुणालाच विचारलं गेलेलं नाही, हे मला दिसलं. मला ते दिसलं, आणि शिंपी म्हणाला, बाही अर्धा इंच सोडतो, आणि मी त्याला हो म्हटलं, आणि फोनवर मनीषाला म्हटलं, "उघड गं. काही नाही त्यात."

लिंकवर नजर जरी टाकली असती तरी कळलं असतं. सरकारी नाव, पण शेवट भलताच. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना तेच शिकवते. मी नजरही टाकली नाही.

तिनं उघडली. त्यातून एक ॲप तिच्या फोनमध्ये उतरलं. अर्ज भरायचा म्हणून त्यानं जे जे मागितलं ते तिनं दिलं, कारण ताईनं सांगितलं होतं. मग तिनं ती लिंक बायांच्या गटात टाकली आणि वर आवाजही टाकला — ताईनं तपासली हाये, बिनधास्त भरा. तेवढं त्या ॲपला पुरे होतं. ते फोनवर येणारे मेसेज वाचायचं, बँकेचा ओटीपी परस्पर उचलायचं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायांच्या खात्यांतून पैसे जायला लागले. कुणाचे थोडे, कुणाचे होते नव्हते ते. शेजारच्या मळ्यातल्या शोभाकाकूंचं खातं पार धुतलं गेलं. त्यांच्या लेकीचं ऑपरेशन ठरलं होतं, त्यासाठी जमवलेलं त्यात होतं. ऑपरेशन पुढं ढकललं. मुलगी आज चालते, पण पाय ओढत चालते. वेळेत झालं असतं तर बरी झाली असती का? डॉक्टर नक्की सांगत नाहीत. मी विचारलंही नाही.

गजाननचा फोन आला, आणि मी अकोल्याला गेले. सगळे मलाच बोलावत होते, ताईला यातलं कळतं म्हणून. बडनेऱ्याहून गाडीत बसले आणि पूर्ण रस्ता मी एकच विचार करत होते — तिनं कुणाकुणाला सांगितलं असेल? शोभाकाकूंचा विचार नाही. बायांचा नाही. स्वतःचा.

अंगणात बाया बसल्या होत्या. काही रडत होत्या, काही भांडत होत्या. बाबा खाटेवर, गजानन उभा. पोलिसांत तक्रार देऊन झाली होती. मनीषा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचा फोन दुकानदारानं पूर्ण पुसून, नवा करून परत दिला होता. मेसेज, फोटो, गटातले आवाज, सगळं गेलं होतं. बायांनीही भीतीनं आपापले फोन तसेच करून घेतले होते.

शोभाकाकूंनी तिला विचारलं, न पाहता काहून टाकली? मनीषा म्हणाली, "पाह्यल्याबिगर नाई टाकली. मी ताईले विचारलं होतं. ताईनं सांगतलं, उघड म्हणून."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

तुम्ही काय केलं असतं, हे मी विचारत नाही. मला माहीत आहे, पुष्कळ माणसं खरं बोलली असती. 'हो, विचारलं होतं, चूक माझी' — किती शब्द लागतात? बायांनी शिव्या दिल्या असत्या. बाबांची मान खाली गेली असती. कार्यक्रम रद्द झाला असता. मी मेले नसते.

मी म्हणाले, "मला विचारलं असतं, तर हे झालंच नसतं."

एवढंच. 'ती खोटं बोलते' असंसुद्धा म्हटलं नाही मी. शांत आवाजात म्हटलं, वर्गात म्हणते तसं. आणि त्या एका वाक्यानं अंगणातल्या प्रत्येकाला पटलं. का पटणार नाही? एकीकडं कॉलेजातली मॅडम, दुसरीकडं दहावी झालेली सून, जिच्या हातून एवढं मोठं झालं आणि जी आता थोरल्या नणंदेवर ढकलते आहे. बाया चुकचुकल्या; गटातलं 'ताईनं तपासली हाये' हेही त्यांना आता थापच वाटलं. बाबा म्हणाले, एक तं चूक केली आणि वरून लबाडी. गजानन तिच्या अंगावर धावून गेला नाही, पण म्हणाला, "समजत नसन तं बोट नको लावत जाऊ म्हणून कितीदा सांगतलं तुले." त्यानं तिला असं कधीच सांगितलेलं नव्हतं. तोही त्या क्षणी खोटंच बोलला. खोटं किती पटकन पसरतं, ते मी तिथं उभी राहून बघितलं.

मनीषा माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. मला वाटलं, आता ही म्हणेल, दाखवा तुमचा फोन. तिनं मला ती लिंक पाठवली होती, ती माझ्या फोनमध्ये होती ना. पण तिला ते त्या क्षणी सुचलं नाही, किंवा थोरल्या नणंदेचा फोन मागायचा हे तिच्यानं झालं नाही. ती आत निघून गेली.

तिच्या फोनमधलं सगळं पुसलं गेलंच होतं. माझ्या फोनमधलं मी पुसलं. परतीच्या गाडीत, मूर्तिजापूर यायच्या आधी.

आणि घरी पोचल्यावर पहिलं काम काय केलं? चाळणी दुरुस्त केली. 'माहीत नाही' छापायची सोय केली. कपडेही बदलले नव्हते. ती दुरुस्ती इतकी सोपी होती की मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं.

त्यानंतर मनीषाचं जे झालं ते सगळं हळूहळू झालं, त्यामुळे ते कुणालाच दिसलं नाही. गजाननने तिचा फोन काढून घेतला, बटणांचा साधा फोन दिला. बाया तिच्याकडे माल देईनात. तो गट मोडला. ऑर्डरी गजानन घ्यायला लागला, त्याला ते जमलं नाही, परत बाजारात टाकून येणं सुरू झालं. स्कूटी दारात उभी राहून तिची बॅटरी उतरली. हळदीकुंकवाला तिला बोलावणं येईना. सगळ्यात वाईट म्हणजे 'लबाड' हा शब्द तिला चिकटला. दूध फाटलं तरी सासरी कुणीतरी म्हणायचं, खरं सांग, झाकण ठेवलं होतं का?

मोठ्यानं हसणं कधी थांबलं, ते मला सांगता येणार नाही. मी तिथं कुठं होते?

एकदा तिनं मला एकटीला गाठलं. दिवाळीला गेले होते, मळ्यातल्या हौदाशी हात धूत होते. ती मागून आली आणि म्हणाली, "ताई, घरच्याईचं राहू द्या. फक्त शोभाकाकूले एकदा सांगा. ते माह्या तोंडाकडे पाहत नाई." आवाजात भांडण नव्हतं. मी हात धूत राहिले. म्हटलं, यंदा शेवंती छान आली. ती टोपलं उचलून गेली. शोभाकाकूंचं घर तिथून दिसतं. मी गेले नाही.

तुम्हाला वाटत असेल, हीच ती कबुली. इथपर्यंत येऊन थांबले असते तर मी फक्त भित्री ठरले असते. मी त्यापेक्षा वाईट आहे.

चाळणी पुढं मोठी झाली. आता बरीच माणसं वापरतात. 'माहीत नाही' असं स्पष्ट सांगणारं प्रामाणिक साधन, असं तिचं कौतुक होतं — हो, नेमकं त्याच गोष्टीचं. मला शाळा-कॉलेजांत व्याख्यानाला बोलावतात, ऑनलाइन फसवणुकीपासून कसं वाचायचं यावर. व्याख्यानात उदाहरण लागतं. कोरड्या माहितीनं मुलं पेंगतात. एकदा असंच बोलता बोलता मी म्हणून गेले, एका गावात एक बाई होती, फुलं विकायची. सभागृह एकदम सावरून बसलं. मग मी सांगितली. अनुदान म्हटल्यावर तिचे डोळे कसे चमकले, कुणाला न विचारता तिनं कशी लिंक उघडली, आणि वर गावभर कशी वाटली. मी वऱ्हाडी बोलून दाखवायची — "बिनधास्त भरा वं बायाहो". तिचा आवाज काढायची मी. लोक हसायचे. मग मी गंभीर होऊन म्हणायची, तिनं फक्त एका माणसाला विचारलं असतं तर? आणि टाळ्या.

पहिल्या वेळी घसरले म्हणा. दुसऱ्या वेळी? त्यानंतरच्या प्रत्येक वेळी? ठरवून सांगत होते. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं बसलेलं होतं. आणि खरं सांगू, सांगताना मला बरं वाटायचं. जितक्यांदा सांगितली तितकी ती खरी होत गेली. काही दिवस तर मलाच वाटायला लागलं होतं की तिनं विचारलंच नव्हतं.

मागच्या महिन्यात अकोल्याच्या एका ज्युनियर कॉलेजात बोलावलं. तन्वी, मनीषाची मुलगी, माझी भाची, तिथंच अकरावीला आहे, हे मला माहीत होतं. माहीत होतं, आणि तरी मी ती गोष्ट गाळली नाही. गाडी त्या वळणावर आली आणि वळली. सवय. मुली हसायला लागल्या. तन्वी तिसऱ्या रांगेत होती. घरी हीच गोष्ट ऐकत वाढलेली ती; तिनं ओळखलं, लगेच ओळखलं. मला वाटलं, ही आता उठून जाईल.

ती हसत होती. शेजारणीच्या खांद्यावर हात मारून, मोठ्यानं. तसंच हसणं, आईचं.

कार्यक्रम झाल्यावर धावत आली. म्हणाली, "आत्या, आईची गोष्ट तू काय मस्त सांगितली. पोरी मेल्या हसून." मग माझा हात धरून म्हणाली, घरी चल, आज तुला सोडणार नाही. मला नाही म्हणता आलं असतं. मी गेले.

मनीषा ओसरीवर हार ओवत बसली होती. तन्वीनं चपला काढायच्या आत सगळं सांगून टाकलं — आत्यानं तुझा आवाज कसा काढला, सगळं सभागृह कसं हसलं. मनीषाच्या हातातली सुई थांबली नाही. तिनं आणखी दोन फुलं ओवली. मग वर बघितलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं तिनं. चिडली नव्हती. किंवा असेल, तिचा राग आता ओळखायची माझी लायकी राहिलेली नाही.

म्हणाली, "आता नावही सांगत जा ना ताई माहं. ठेवलं तं तुमीच हाये."

नाव म्हणजे 'लबाड', हे तन्वीला कळलं नाही. आई विनोद करते आहे असं तिला वाटलं, आणि ती पुन्हा हसली. तिच्यासमोर, तिच्या आईसमोर, तेव्हाही मला एक वाक्य बोलता आलं असतं. कुणी अडवलं नव्हतं. गजानन घरात नव्हता, बाबा झोपले होते, फक्त आम्ही तिघी होतो.

तन्वी हसत होती, म्हणून मीही हसले.